सिंदखेडराजा वाड्याच्या दरवाजातून दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सहलींबद्दल एक टिपण आले होते. समृद्धी महामार्गावरून गाडी खाली घ्यायची, सिंदखेडराजाला राजवाड्यासमोर थांबायचे, जिजाऊंच्या जन्मस्थानाला नमस्कार करायचा, फोटो काढायचे आणि अर्ध्या तासात लोणारच्या रस्त्याला लागायचे, असा त्यातला सल्ला. शेवटी एक वाक्य असे की बाकी गावात पडझड झालेल्या काही वास्तू आहेत. त्या 'बाकी'ने माझे डोके फिरले. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, एवढं मनाला लावून घ्यायला ते काय तुमच्या माहेराबद्दल बोललेत?" सिंदखेडराजा माझे माहेर नाही, सासरही नाही. पण गेल्या वर्षी दोन दिवस आम्ही दोघी त्या 'बाकी'तच हिंडलो, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री आपल्या हातात आहेच. फक्त तलावाचा भाग कापू नका.

आधी माझ्याबद्दल थोडे सांगते, म्हणजे पुढचे का लिहिते आहे ते कळेल. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे आरेखक होते. इंजिनिअर साहेब कच्चे आकडे टेबलावर आणून टाकत आणि त्यावरून धरणाचा छेद, सांडवा (जास्तीचे पाणी वाहून जायची वाट), विमोचक (पाणी सोडायची वाट), कालव्यावरच्या मोऱ्या हे सगळे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे काम आमचे. रेघ जाड झाली तर ब्लेडने खरवडायची आणि पुन्हा ओढायची. मी कागदावर किती धरणे काढली याची मोजदाद नाही, प्रत्यक्षात पाहिली चार. या कामाने एक खोड लागली. पाणी साठलेले दिसले की बाकीची माणसे लाटा बघतात, मी भिंतीचा पाया बघते. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर घरची मंडळी घोड्यावर बसत होती आणि मी सांडवा शोधत फिरत होते. अशा बाईबरोबर सहलीला जायला फक्त जाऊच तयार होते.

दसऱ्यानंतरचा मंगळवार होता. महिलांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाल्यापासून आमचे फिरणे दुप्पट झाले आहे. जालन्याला गाडी बदलली. वाटेत शेतांमधून सोयाबीनची मळणी चालू होती, यंत्राचा धुरळा खिडकीतून आत येत होता आणि कपाशीची बोंडे नुकती उकलायला लागली होती. मुक्काम देऊळगावराजाला जाऊच्या मावसबहिणीकडे ठरला होता. बालाजीचे दर्शन मिळेल हा जाऊचा हिशेब, तिथून सिंदखेडराजा जवळ पडते हा माझा.

राजवाड्याबद्दल आपल्या लेखकाने लिहिले ते खोटे नाही. मोठ्या रस्त्यालगतच तो उंच दरवाजा उभा आहे, समोर बगीचा आहे. दरवाजा पाहून मनात जो वाडा उभा राहतो तो आत गेल्यावर सापडत नाही. जोती, चौक, तळघरे आणि वर मोकळे आभाळ. मजले ज्याचे त्याने मनात चढवायचे. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा. ज्या खोलीत त्या जन्मल्या ती दाखवतात. तिथे जाऊने पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले. मी शेजारच्या भिंतीतले दगडांचे सांधे बघत होते, तेव्हा तिने कोपर मारून "नमस्कार तरी करा" म्हटले. केला.

तेवढ्यात एक शाळेची सहल आली. मुले दोन रांगांत आत शिरली, बाईंनी "जिजाऊ माँसाहेब की" म्हटले, मुलांनी जय म्हटले, आणि मी अजून त्याच भिंतीपाशी असताना सगळी बसकडे निघालीसुद्धा. एका मुलाने विचारले, "बाई, राजा पाणी कुठून प्यायचा?" बाई म्हणाल्या, "चला, चला, लोणार बघायचंय अजून." त्या बाईंना मी दोष देत नाही. चाळीस मुले आणि एक बस सांभाळणे काय असते ते मला ठाऊक आहे. पण त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर गावातच होते आणि तिथपर्यंत त्याला कोणी नेले नाही.

आम्ही रिक्षा केली. मोती तलाव म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, "तलावावर काय बघायचंय मावशी? पाणीच आहे तिथं."

पाणीच आहे! मराठवाड्यातल्या बाईला हे असे सांगायचे!

संपादक महाराज, धरण म्हटले की आपल्यापुढे मातीचा लांबलचक भराव येतो. वरच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, खालच्या उतारावर गवत, माथ्यावर एक रस्ता. मी आयुष्यभर तेच काढत आले. मोती तलाव पाहिला आणि मी जागच्या जागी थांबले. दर्शनी भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी आहे आणि तिच्या अंगातच बांधकाम काढले आहे. पाणी जेवढे खोल तेवढा त्याचा रेटा जास्त, म्हणून दगडी धरण खाली रुंद आणि वर निमुळते ठेवतात. ते आपल्या वजनानेच पाण्याला थोपवून धरते. म्हणजे भिंत जाड करावीच लागते, त्यातून सुटका नाही. आमच्या कागदावर ही जाडी म्हणजे निव्वळ दगड आणि चुना, घनमीटरात मोजायचा आणि अंदाजपत्रकात लिहायचा. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या गवंड्यांनी त्याच जाडीत माणसाला उठायबसायला जागा करून दिली. मी असला छेद काढून नेला असता तर साहेबांनी चष्मा वर करून विचारले असते, "बाई, धरण काढताय की बंगला?" दोन्ही, असे उत्तर द्यायला मला निवृत्त व्हावे लागले.

आम्ही सावलीत टेकलो. बाहेर ऑक्टोबरचे ऊन आणि पाण्यावरून येणारा वारा गार. जाऊने डबा उघडला. मला काही जेवण सुचेना. मी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उतरून गेले. पाणी सोडायची वाट कुठे असेल, जास्तीचे पाणी कुठून काढून दिले असेल, याचा माग काढत झुडपांत शिरले. तिथे शेळ्या चारणारे एक आजोबा भेटले. त्यांना वाटले माझे काही हरवले आहे. मी म्हटले, सांडवा शोधते आहे. त्यांनी मला एकदा वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "सरकारी बाई दिसता." मग मात्र त्यांनी जे सांगितले ते कुठल्याही अहवालात चालले असते. म्हणाले, तलाव भरलेल्या वर्षी खालच्या अंगाच्या विहिरींचा झरा उन्हाळ्यापर्यंत जागा असतो. तलाव कोरडा तर विहिरी आधी मरतात.

यात चमत्कार काही नाही. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, लाव्हा थंड होऊन झालेला. हा दगड अंगात पाणी धरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. नदीच्या गाळाच्या प्रदेशात खणले की ओल लागते. आपल्याकडे भेग चुकली की पन्नास हात खणूनही विहीर कोरडी. त्यामुळे पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी वर अडवायचे, ते हळूहळू मुरू द्यायचे आणि खाली विहिरी आणि बारवांमधून (पायऱ्यांच्या विहिरींमधून) काढायचे, हाच इथला शहाणपणा. आज आपण पाझर तलाव म्हणतो तो याच कामासाठी. आजोबांशी बोलून परत आले आणि मला गावाकडे बघायची दिशाच बदललेली दिसली. तोवर मी वाडा, देवळे, तलाव, बारवा अशा सुट्या सुट्या वस्तू बघत होते. आता सगळे एका कागदावर बसायला लागले.

चांदणी तलाव त्याच दिवशी पाहिला. त्याच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या मध्यावर बसून रात्र काढायची ही राजेशाही हौस, त्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. जाऊला मात्र मोतीपेक्षा चांदणीच आवडला आणि त्यावरून आमचा थोडा वाद झाला.

दुसऱ्या दिवशी बारवा. पुतळा बारव तिच्यावरच्या मूर्तींमुळे पुतळा बारव. पाण्याकडे उतरताना दोन्ही बाजूंनी शिल्पे सोबत करतात. आपल्या जुन्या वास्तुशास्त्रात बारवांची नावे दरवाजांवरून पडली आहेत. एका बाजूने उतरता येते ती नंदा, दोन बाजूंनी ती भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारी बाजूंनी विजया. मी हे जाऊला समजावून सांगत होते तर ती म्हणाली, "म्हणजे घागर घेऊन येणाऱ्या बायकांची भांडणं होऊ नयेत म्हणून जास्तीचे जिने." मला हे कुठल्या ग्रंथात सापडले नाही, पण तिचे म्हणणे मी टिपून ठेवले आहे. सजनाबाईची विहीर आहे. तिच्यातून बंद नळांनी गावाला पाणी जाई असे सांगतात. आम्ही संभाजीनगरचे, त्यामुळे आम्हाला याचे नवल कमी आणि ओळख जास्त. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आमच्या आजच्या शहरात, नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा कालवा, खेळवली ती याच काळात. अंबर आणि लखुजीराव दोघेही निजामशाहीतले, पुढे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे राहिलेले. लढाईत वैरी झालेल्या या दोन माणसांना पाण्याची अक्कल मात्र सारखीच होती. साकरवाड्याच्या उंच परकोटाच्या, म्हणजे तटाच्या, आतसुद्धा विहीर आहे आणि तिच्यात आतल्या आत उतरायला पायऱ्या आहेत. वेढा पडला तरी पाण्यासाठी कोणाच्या दारात जायला नको.

आता देवळांविषयी. नीळकंठेश्वराचे देऊळ लखुजीरावांच्याही आधीचे, त्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. समोर चौकोनी बारव, तळापर्यंत पायऱ्या. देव आणि पाणी समोरासमोर. जाऊ फुले घेऊन गाभाऱ्यात गेली आणि मी बारवेत उतरले. दोघींनी आपापल्या परीने पायऱ्या मोजल्या. आकडा इथे लिहीत नाही, कारण तिचा आणि माझा हिशेब जुळला नाही, आणि पुन्हा मोजायला माझे गुडघे तयार नव्हते. आत गाभाऱ्यात काळोख आणि गारवा, बाहेर ऊन, आणि बारवेच्या तळाशी हिरवट पाण्यात देवळाचा एक तुकडा हलताना दिसत होता. आम्ही तिथे तासभर होतो. त्या तासात तीन माणसे आली, तिघेही गावातलेच.

एक तक्रार मात्र करते, कोणा एकाची नाही, आपल्या सगळ्यांची. काळ्या दगडाचे कुठलेही जुने देऊळ दिसले की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. इथले रामेश्वराचे देऊळ आठव्या ते दहाव्या शतकातले असल्याचे सांगतात आणि त्याच दमात त्याला हेमाडपंतीही म्हणतात. नातवाने आजोबांचे बारसे केल्यासारखे झाले हे. चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधायची रीत हेमाद्रीच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या वर्तमानपत्राने तरी हा शब्द जरा जपून वापरावा.

लखुजीरावांच्या समाधीपाशी आम्ही पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. प्रचंड मोठी घुमटाची वास्तू आहे. नवख्या माणसाला दुरून मकबरा वाटावा अशी तिची घडण, त्या काळी दख्खनेत बांधकामाची जी भाषा होती तिच्यातलीच. यादवांचा वंश सांगणारे लखुजीराव जुलै १६२९मध्ये देवगिरीवरच, निजामशहाच्या दरबारात, मुलांसह आणि नातवासह दग्याने मारले गेले. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०चा. मधले महिने मोजा. माहेर असे एका दिवसात ओस पडलेले आणि पोटात मूल, अशा अवस्थेत जिजाऊ शिवनेरीवर होत्या. पाठोपाठ १६३०-३२चा तो भयंकर दुष्काळ. पाठ्यपुस्तकात या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात. समाधीच्या सावलीत उभे राहिले की त्या एकाच बाईच्या आयुष्यातल्या सलग वर्षांत घडल्या हे लक्षात येते. जाऊ पहिल्यांदाच गप्प बसली होती.

याच समाधीच्या परिसरात २०२४मध्ये जतनाचे काम चालू असताना खाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष लागले आणि खोदता खोदता शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. छायाचित्रे सगळ्याच वर्तमानपत्रांत आली होती. सुमारे १.७० मीटर लांब आणि १ मीटर उंच. दगड आपला काळा कातळ नव्हे, क्लोराइट शिस्ट. कोरायला मऊ असा हा दगड दक्षिणेकडच्या जुन्या शिल्पकारांचा आवडता. विष्णू शेषावर पहुडलेला, पायाशी लक्ष्मी आणि खाली समुद्रमंथनाचा देखावा. मी ते कात्रण पर्समध्ये ठेवले होते, जाऊला दाखवले. ती म्हणाली, "बघा, इथला देवसुद्धा पाण्यावरच झोपलाय." आपल्या लेखकाने जिला 'बाकी' म्हटले त्या जमिनीखाली २०२४पर्यंत ही मूर्ती होती. अजून काय आहे, ते खणणाऱ्यांनाच ठाऊक.

काळाकोट हा किल्ला बाहेरूनच पाहिला. वीस फूट रुंदीच्या भिंती आणि उंचीही तितकीच. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे अधिक लिहीत नाही.

गावाचे गोडवेच गाते आहे असे वाटू नये, म्हणून एक कटू गोष्ट. १७५७मध्ये याच सिंदखेडला मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची लढाई झाली. पुढे इंग्रजांचा सेनापती जनरल वेलस्ली या भागातून गेला तेव्हा, १८०४च्या सुमारास, इथली माणसे शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि त्यांना मदत करणारे सरकारच नाही, असे त्याने लिहून ठेवले. तलाव होते, बारवा होत्या, तरीही. तलाव बांधला म्हणून संपत नाही. गाळ काढायला, भिंतीवर उगवलेला पिंपळ उपटायला, पाण्याची पाळी लावायला कोणीतरी जागेवर लागते. सैन्ये फिरत असताना गाळ कोण काढणार? आमच्या खात्यातही धरण बांधायला पैसे मिळत आणि दुरुस्तीची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राही. किती दुरुस्तीचे नकाशे मी काढले आणि ते नळकांड्यांतच राहिले, ते सांगत बसले तर वेगळे पत्र होईल.

१२ जानेवारीबद्दल दोन शब्द. जिजाऊ जयंतीला सारा महाराष्ट्र तिथे लोटतो. मीही पूर्वी एकदा गेले आहे. पहाटेच्या थंडीत नऊवारीतल्या बायका, डोक्यावर फेटे बांधलेल्या मुली आणि वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नाही. तो दिवस तसाच असावा, त्यात काही कमी करायचे नाही. पण त्या दिवशी तलाव बघता येत नाही आणि बाकीच्या ३६४ दिवशी बघायला कोणी येत नाही. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५मध्ये तो मुंबईपर्यंत पुरा झाला, एकूण ७०१ किलोमीटर. त्याचा गावाला फायदा व्हावा असे म्हणतात. पण रस्ता जितका वेगाचा तितका माणूस मधल्या गावात कमी उतरतो, आणि उतरला तरी गाडी चालूच ठेवून येतो. वाड्यासमोर चहा देणाऱ्या बाईंनी मला सांगितले, "लोक येतात, फोटो काढतात, पाण्याची बाटली घेतात आणि जातात. चहा उकळेपर्यंतही थांबत नाहीत."

तेव्हा आपल्या वाचकांसाठी मी असे सुचवेन. पुढच्या वेळी हे टिपण छापाल तेव्हा क्रम उलटा करा. वाडा शेवटी ठेवा. सकाळी आधी मोती तलावावर जा, ऊन चढायच्या आत, आणि भिंतीच्या सावलीत अर्धा तास नुसते बसा. मग बारवा, कारण माथ्यावर ऊन आले की पाण्याच्या तळापर्यंत उजेड जातो आणि दगडांची घडण दिसते. दुपारी नीळकंठेश्वर, तिथे गारवा असतो. समाधी उन्हे कलताना. आणि सगळे पाहून झाल्यावर संध्याकाळी वाड्याच्या त्या दरवाजातून आत शिरा. सकाळी नुसती जोती वाटली होती तिथे मग कोणीतरी राहत होते असे वाटायला लागते. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हाच मला जन्माच्या खोलीत कोपर न खाता नमस्कार करावासा वाटला. बसमधल्या त्या मुलाचा प्रश्न मनात होता. तो पुन्हा भेटला असता तर हाताला धरून तलावावर नेले असते.

शाळांच्या सहलींसाठी एक वेगळी विनंती. एका दिवसात सिंदखेडराजा आणि लोणार दोन्ही उरकू नका. एकच करा. मुलांना वहीत एका बारवेचे चित्र काढू द्या. चित्र काढायला बसले की माणूस आपोआप पायऱ्या मोजतो, कोनाडे बघतो, आणि कोनाड्यात देव का ठेवला असेल ते विचारतो. हे मी ३१ वर्षांच्या अनुभवावरून सांगते. रेघ ओढल्याशिवाय मला कुठलेच बांधकाम कळलेले नाही.

सोबत मी एक नकाशा पाठवते आहे. घरी आल्यावर जुनी टी-पट्टी आणि रोट्रिंगचे पेन माळ्यावरून काढले. पेनातली शाई वाळून दगड झाली होती, ते कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे लागले. नकाशात तलाव, बारवा, देवळे, समाधी, काळाकोट आणि वाडा दाखवले आहेत. पाणी निळ्या रेघेत, वास्तू काळ्या रेघेत. आम्ही चाललो ती वाट तुटक रेघेने. अंतरे पावलांत लिहिली आहेत, पण ती माझी पावले आहेत, तरुण माणसाने त्यातून थोडी वजा करावीत. जाऊच्या आग्रहाने चहाच्या टपरीलाही एक छोटा चौकोन दिला आहे. प्रमाणात नाही म्हणून आमच्या साहेबांनी तो नापास केला असता, पण छापायला हरकत नसावी. छापलात तर पुरवणीच्या मधल्या पानावर छापा, म्हणजे कापून पर्समध्ये ठेवता येईल, आणि निळा रंग जाऊ देऊ नका. सगळे काळ्यात छापले तर पाणी कुठले आणि भिंत कुठली ते कळणार नाही.

आणि छापून झाल्यावर, किंवा छापायचा नसला तरी, नकाशा कृपया परत पाठवावा. दुसरी प्रत काढलेली नाही. पाकिटावर पुरेशी तिकिटे लावली आहेत.

आपली,
एक निवृत्त आरेखक
छत्रपती संभाजीनगर